राहिलेला विषय

दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांची पाने गुणवंतांच्या छायाचित्रांनी भरून जातात. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांचे फलक चौकाचौकांत झळकतात, पेढे वाटले जातात, सत्काराचे कार्यक्रम ठरतात. त्याच दिवशी त्याच गावातील एखाद्या घरात मात्र कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. मराठी, हिंदी, विज्ञान, समाजशास्त्र हे सारे विषय सुटलेले असतात, गणितही कसेबसे पार पडलेले असते. राहिलेला असतो तो इंग्रजीचा एक विषय. गुणपत्रिकेवर आता ‘नापास’ असा शिक्का मारला जात नाही. शब्द बदलला, एवढेच. वडील दुसऱ्या दिवशी मुलाला गॅरेजवर नेऊन बसवतात. मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळे पाहण्याची चर्चा सुरू होते, आणि ‘तिला अभ्यासात गती नव्हतीच’ असे सांगितले जाते. पाच विषयांत जिला गती होती, तिला सहाव्या विषयाने गतिहीन ठरवले, याचा विचार करण्यास कोणाला सवड नसते.

या एका विषयावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे मध्यमवर्गीय घरांत सहसा जाणवत नाही. अग्निवीर म्हणून सैन्याच्या सामान्य सेवा विभागात भरती व्हायचे, तर दहावीला एकूण किमान ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. पहाटे उठून धावणारा, दंड-बैठकांनी शरीर कमावलेला, देशासाठी काही करण्याची खरीखुरी ऊर्मी असलेला खेड्यातला तरुण तेथे अडतो तो छातीच्या मापावर नव्हे, तर इंग्रजीच्या गुणांवर. परिचारिकेच्या पदविकेस जायचे, तर बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. रुग्णाची शुश्रूषा करण्याची वृत्ती, रात्रपाळीची तयारी, हाताची स्वच्छता आणि मनाची माया हे सारे असूनही कितीतरी मुली या उंबरठ्यापाशी थांबतात. सेवावस्तीत काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याने आठवून पाहावे. अशी दोन-तीन नावे त्याला सहज आठवतील.

शासनाने या मुलांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वी ‘ऑक्टोबरची वारी’ हा चेष्टेचा विषय होता, आणि वारी संपेपर्यंत वर्ष हातचे गेलेले असे. २०१५ पासून पुरवणी परीक्षा जुलैमध्येच घेण्याचा निर्णय झाला. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत प्रवेश घेण्याची सवलत मिळाली. शाळेत न जाता सतरा नंबरचा अर्ज भरून परीक्षेस बसण्याचा मार्ग तर फार जुना आहे. परंतु या साऱ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की, जे मुलाला दहा वर्षांत आले नाही, ते त्याला काही आठवड्यांत एकट्याने येईल. दहा वर्षे ज्या पद्धतीने शिकवले त्याच पद्धतीचे मार्गदर्शक पुस्तक पुन्हा त्याच्या हाती दिले जाते. निबंध पाठ, पत्र पाठ, प्रश्नांची उत्तरे पाठ. जुलैमध्ये प्रश्न थोडा फिरवून विचारला की पाठांतर कोसळते. दुसऱ्यांदा अपयश आले की ते मूल पुन्हा शाळेच्या फाटकाकडे फिरकत नाही.

अशा मुलांसाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, आणि तो व्हावा तितका परिचित नाही. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून मुक्त शाळेला आरंभ झाला. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था’ हे आजचे नाव मिळाले. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे टिकते. या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते. अन्य मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांचे गुण येथे वर्ग करून घेता येतात. ज्याला संपूर्ण प्रमाणपत्र नको, केवळ राहिलेला एखादा विषय हवा, त्याला तेवढ्याच विषयापुरता प्रवेश घेण्याचीही मुभा आहे. बारावीला इंग्रजी राहिले म्हणून परिचर्येचा नाद सोडलेल्या मुलीसाठी ही शेवटची सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

परीक्षेकडे पाहण्याची ही दृष्टी मुळातच निराळी आहे. नेहमीच्या शाळेत विद्यार्थी परीक्षेच्या वेळापत्रकामागे धावतो. येथे परीक्षा काही प्रमाणात विद्यार्थ्याच्या सवडीची वाट पाहते. एकलव्याचे उदाहरण अशा वेळी फार दिले जाते. ते द्यावे, पण एकलव्याने निदान आचार्यांची मूर्ती तरी समोर ठेवली होती, हे विसरू नये.

मुक्त विद्यालयाच्या दहावीत इंग्रजी हा अनिवार्य विषय नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पाच विषयांत किमान एक भाषा हवी आणि ती भाषा मराठी असू शकते. म्हणजे इंग्रजीवाचून दहावी उत्तीर्ण होण्याची सोय याच देशात, केंद्र शासनाच्याच संस्थेत, अनेक वर्षांपासून आहे. मग राष्ट्रीय विचारांच्या मंडळींपैकी काहींचा प्रश्न स्वाभाविक ठरतो: इंग्रजीच्या विषयासाठी एवढा खटाटोप हवाच कशाला? मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाने जी शृंखला या देशाच्या पायांत घातली, ती तोडायची की तिला तेल-पाणी करायचे?

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. परकीय भाषेतील एका प्रश्नपत्रिकेने स्वदेशातील मुलाची लायकी ठरवावी, हा अन्यायच आहे. कर्पूरी ठाकूर यांनी तो ओळखला होता. १९६७ मध्ये बिहारचे शिक्षणमंत्री असताना त्यांनी मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. त्यामुळे खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांना मॅट्रिकचे दार उघडले. त्यांची समाजवादी विचारसरणी वेगळी होती, पण तळमळ खरी होती. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले ते योग्यच झाले. मात्र पुढे काय झाले, तेही पाहावे लागते. इंग्रजीवाचून उत्तीर्ण झालेल्यांना ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणवले गेले. सक्ती मॅट्रिकमधून गेली. कचेरीतून, न्यायालयातून, महाविद्यालयातून गेली नाही. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांची मुले इंग्रजी शिकतच राहिली. गरिबाच्या मुलाला पहिल्या दारातून आत घेतले गेले आणि दुसरे दार त्याच्या तोंडावर बंद झाले.

महाराष्ट्राचा अनुभव याहून फार निराळा नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात शाळेत इंग्रजीचा आरंभ आठवीपासून करण्याचे धोरण होते. त्यामागे मातृभाषेचा पाया पक्का करण्याचा शुद्ध हेतू होता. १९५४ मध्ये तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्या भारतीय मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घेऊ नये, असा आदेश राज्य शासनाने काढला. तो त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तेव्हापासून दोन रांगा लागल्या. एक फी भरून इंग्रजी शिकणाऱ्यांची, दुसरी सरकारी धोरण जे ठरवील ते शिकणाऱ्यांची. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, त्या वेळी मोठा वाद झाला. त्या वादातील दोन्ही बाजूंच्या पुष्कळ विद्वानांची नातवंडे तेव्हाच इंग्रजी माध्यमात शिकत होती, ही गोष्ट मात्र वादात फारशी आली नाही.

ती आज तरी यावी. मातृभाषेच्या महतीवर बौद्धिक देणारा कार्यकर्ता स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालतो? याचे उत्तर अनेक ठिकाणी अवघड आहे. काहींनी निष्ठेने मराठी शाळा निवडली आणि मुलांचे इंग्रजी घरी पक्के करून घेतले, त्यांचा आदरच केला पाहिजे. पण घरी पक्के करून घेण्यासाठी घरात कोणी शिकलेले असावे लागते. ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि वडील हमाली करतात, त्या घरातील मुलाला ‘इंग्रजी नाही आले तरी चालेल, तू स्वभाषेचा अभिमान धर’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? स्वतःच्या मुलासाठी जे शस्त्र घासून-पुसून ठेवले, तेच शेजारच्या वस्तीतील मुलाच्या हाती देताना तत्त्वज्ञान आठवावे, हे समरसतेच्या विचारात बसत नाही.

राष्ट्रीय शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांना हा संभ्रम पडलेला दिसत नाही. १८८० मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक यांनी जी शाळा काढली तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असे होते. मराठी भाषेचे शिवाजी म्हणवणाऱ्या शास्त्रीबुवांना त्या नावात कमीपणा वाटला नाही. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ मराठीतून आणि ‘मराठा’ इंग्रजीतून निघू लागला. एक स्वजनांना जागे करण्यासाठी, दुसरा राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी. भाषाशुद्धीचा ध्वज खांद्यावर घेतलेल्या आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द मराठीत रुजवणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९२३ चा हिंदुत्वावरील आपला ग्रंथ इंग्रजीतून लिहिला. परभाषेने स्वभाषेचे आसन घेऊ नये, यावर या सर्वांचे एकमत होते. परभाषा येऊच नये, असे त्यांपैकी कोणीही म्हटले नाही.

तेव्हा लढा दोन आघाड्यांवर आहे. पहिली आघाडी व्यवस्थेची. जेथे इंग्रजीची वास्तविक गरज नाही, तेथून ती अट काढायला लावणे. हे होऊ शकते. २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेत इंग्रजीचे गुण गुणवत्तेत धरण्याचा घाट घातला, तेव्हा देशभर विरोध झाला आणि त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाईपदाची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतून देता येऊ लागली. सीमेवर उभ्या राहणाऱ्या जवानाची परीक्षा त्याच्या आईच्या भाषेत होऊ शकते, हे मान्य व्हायला स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे लागली. ही आघाडी धोरणकर्त्यांची आहे आणि तिला वेळ लागणार.

दुसऱ्या आघाडीला वेळ नाही, कारण या वर्षी ज्याचा विषय राहिला तो मुलगा पुढील धोरणापर्यंत थांबू शकत नाही. त्याचे वय वाढते आहे. येथे मुक्त विद्यालयाची सोय आहे, पण ती सोय सध्या ज्या रीतीने वापरली जाते, त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

दूरशिक्षणात मुलाच्या हाती पुस्तके येतात. स्वाध्याय लिहून द्यायचे असतात, त्यांना गुण असतात. अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग व्हावेत अशी अपेक्षा असते. कागदावर ही रचना निर्दोष आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तयार स्वाध्याय बाजारात विकत मिळतात. विद्यार्थी ते केवळ उतरवून काढतो, काही वेळा तेही दुसरेच कोणी करते. संपर्कवर्गाच्या दिवशी मुलगा कामावर असतो, किंवा तो आला तर शिकवणारे कोणी नसते. मधल्यामध्ये ‘हमखास पास’ करून देणारे दलाल उभे राहतात आणि ज्या आईने दागिना गहाण ठेवला तिच्याकडून पैसे उकळतात. ही फसवणूक ज्या वर्गाची होते तो वर्ग तक्रार करीत नाही, कारण नापास होण्याची लाज त्याला गप्प बसवते.

शिवाय इंग्रजीची एक अडचण इतर विषयांना नाही. इतिहासाचे पुस्तक मराठीतून घेऊन मुलगा ते घरी वाचू शकतो. इंग्रजीचे पुस्तक इंग्रजीतच असते. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला इंग्रजीचे पुस्तक देऊन ‘स्वयंअध्ययन कर’ म्हणणे, हे पोहता न येणाऱ्याला विहिरीत पोहण्याचे पुस्तक टाकून देण्यासारखे आहे. या विषयापुरते तरी दूरशिक्षण दूर राहून चालत नाही. कोणीतरी जवळ बसावे लागते.

आणि जवळ बसणाऱ्याने काय करावे? येथे मराठी आड येत नाही, उलट तिचाच हात धरावा लागतो. मराठी मुलाच्या इंग्रजीतील बहुतेक चुका बुद्धीच्या नसतात, त्या मराठीच्या सवयीच्या असतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत मधे. ‘मला माहीत आहे’, ‘मला भूक लागली आहे’, ‘मला ताप आला आहे’ या सर्व ठिकाणी मराठी माणूस ‘मला’ म्हणतो. इंग्रजीत तेथे ‘मी’ येतो आणि वाक्याची सारी घडण फिरते. ‘सीतेने आंबा खाल्ला’ आणि ‘सीतेने पोळी खाल्ली’ यांत मराठी क्रियापद आंबा आणि पोळी यांच्या लिंगाप्रमाणे बदलते; इंग्रजीला त्याचे सोयरसुतक नाही. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांचा तर मराठीत मागमूसही नाही, म्हणून मुले ते एकतर गाळतात किंवा जेथे-तेथे टाकतात. देवनागरीत जसे बोलावे तसे लिहावे. इंग्रजीत तसे नाही, आणि हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले तर मुलाच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते. दोष त्याच्या डोक्यात नसून त्या भाषेच्या लेखनात आहे, हे त्याला प्रथमच कळते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. आधी सोपे, मग किंचित अवघड. त्या पद्धतीला पुढे जुनाट ठरवण्यात आले. बोलण्याचा सराव तिने कमी होतो, हा आक्षेप खराही आहे. पण सोळा-सतरा वर्षांचा, दिवसभर काम करून आलेला, एकदा हरलेला विद्यार्थी समोर बसला असेल, तर त्याला परिचित भूमीवरून अपरिचित भूमीवर नेणारा याहून चांगला पूल सहसा सापडत नाही. मराठी ज्याची चांगली, त्याचे इंग्रजी लवकर सुधारते, हा जुन्या शिक्षकांचा अनुभव होता. मुक्त विद्यालयात उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के गुण पुरतात. एक उतारा वाचून समजणे, एक पत्र स्वतःच्या शब्दांत लिहिणे, काळ आणि वचन यांत साधी वाक्ये न चुकणे, एवढ्यावर ते मिळू शकतात. पाठांतराच्या दहा निबंधांपेक्षा स्वतः रचलेली शुद्ध दहा वाक्ये येथे अधिक उपयोगी पडतात.

सेवावस्त्यांतून अभ्यासिका चालतात, वनवासी पाड्यांवर कार्यकर्ते वर्षानुवर्षे पाय रोवून आहेत. त्या कामाचे मोल मोठे आहे. परंतु या अभ्यासिकांच्या नोंदवह्या पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात यावी. दहावीच्या निकालानंतर उत्तीर्ण मुले पेढे घेऊन येतात. जी येत नाहीत त्यांच्या नावापुढे पुढच्या वर्षी काहीच लिहिलेले नसते. ती मुले वस्तीतच असतात. चौकात, हातगाडीवर, वीटभट्टीवर दिसतात. अभ्यासिकेच्या ताईंना पाहून रस्ता बदलतात. त्यांना गाठायचे तर त्यांच्या घरी जावे लागेल, आणि तेही पेढे वाटण्याच्या दिवशी नव्हे, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. मुलगी असेल तर आधी तिच्या आईशी बोलावे लागेल. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती कोठे जाणार, कोण शिकवणार, परत कोण सोडणार, या प्रश्नांची उत्तरे घेऊनच पायरी चढावी लागेल. गुणपत्रिका मागून घ्यावी, कोणते दोन विषय वर्ग करता येतील ते पाहावे, कोणते तीन नव्याने द्यावे लागतील ते समजावून सांगावे. जुलैच्या परीक्षेला बसवणे शहाणपणाचे की मुक्त विद्यालयात नाव घालून वर्षभर शांतपणे तयारी करणे, हे प्रत्येक मुलागणिक वेगळे ठरेल. सातआठ गुणांनी राहिलेल्याला जुलै पुरेल; ज्याला अक्षरओळखीपासून आरंभ करायचा आहे त्याला पुरणार नाही. अर्ज संगणकावर भरावा लागतो, तो दलालाऐवजी एखाद्या महाविद्यालयीन स्वयंसेवकाने भरून दिला तर गहाण पडणारा दागिना वाचतो.

शिकवणारे कोठून आणायचे, असा प्रश्न विचारला जाईल. प्रत्येक नगरात निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, मुले परदेशी गेलेली आणि दुपार रिकामी असलेली दांपत्ये आहेत. त्यांतील पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या उत्सवाच्या वर्गणीला नियमाने येतात, गुरुदक्षिणेला येतात. त्यांनी स्वतः आठवीपासून इंग्रजी शिकून आयुष्यभर त्या भाषेत पत्रव्यवहार केला आहे. वर्गणी मागायला जाणाऱ्याने पुढच्या वेळी त्यांच्याकडे पैशाऐवजी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारची संध्याकाळ मागावी. पाच मुले, एक फळा, देवळाचा किंवा शाळेचा एखादा ओटा. मुक्त विद्यालयाची पुढची सार्वजनिक परीक्षा जर ऑक्टोबरात द्यायची असेल, तर नोंदणीची मुदत त्याच्या कितीतरी महिने आधी संपते. म्हणून दिनांक आधी पाहून ठेवावा आणि यादी आत्ताच करायला घ्यावी.